फोटो कराराचा, हात कोणाचे?

सप्टेंबर २०२४. वसईच्या होळीत मगरिबनंतर चहाच्या टपरीवर नेहमीची पोरं जमली होती. सगळ्यांच्या मोबाइलवर एकच बातमी. तळोज्याच्या एमआयडीसीत सेमीकंडक्टरचा कारखाना येणार, राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीची मान्यता मिळाली. इस्रायलची टॉवर सेमीकंडक्टर आणि अदानी समूह मिळून ८३,९४७ कोटी रुपये गुंतवणार, पहिल्या टप्प्यात ५८,७६३ कोटी आणि दुसऱ्यात २५,१८४ कोटी. टॉवर ही इस्रायली कंपनी आहे यावरून टपरीवर वेगळी वादावादी झाली. तो वाद महत्त्वाचा आहे, पण तो दुसऱ्या लेखाचा विषय. मला आठवतो तो डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातला एक पोरगा. त्याने मोबाइलवर वसई रोड-दिवा-पनवेल गाडीचं टाइमटेबल काढलं होतं. "गाडी तळोज्याला थांबते. सकाळची पकडली की शिफ्टला वेळेत." इतका सरळ हिशेब.

२०२५ च्या मे महिन्याच्या तोंडावर बातमी आली की अदानी समूहाने टॉवरबरोबरची बोलणी थांबवली आहेत, कारण भारतात या चिप्सना मागणी किती राहील याचा हिशेब जुळत नव्हता. टपरीवर कोणी काही बोललं नाही. टाइमटेबल काढणारा पोरगा तेव्हा वालीवच्या एका गाळ्यात मशीनवर उभा होता.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही. तळेगावला वेदांत आणि फॉक्सकॉन येणार म्हणून महाराष्ट्राने वाट पाहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी गुजरातशी करार केला. तेव्हा आपले नेते "आमच्या तोंडचा घास पळवला" म्हणून भांडले. मग जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातूनही बाहेर पडली आणि ज्या घासावरून भांडण होतं तो कोणाच्याच ताटात पडला नाही.

यावरून मला एकच मुद्दा मांडायचा आहे. कारखाना येणं-जाणं कंपनीच्या ताळेबंदावर ठरतं. आपल्याकडे टिकून राहतं ते शिकलेलं कसब. म्हणून उद्योग आणि विद्यापीठ यांच्या प्रत्येक कराराला यापुढे "किती कोटी?" हा प्रश्न विचारणं बंद करा. विचारा, "यातून किती हात तयार झाले, आणि ते हात कोणत्या कॉलेजचे, कोणत्या जिल्ह्याचे, कोणत्या मोहल्ल्याचे?"

पवईत काय झालं

करार म्हणजे सगळी फसवणूक, असं मी म्हणत नाही. आपल्यापासून दोन गाड्या बदलून पोहोचता येईल अशा ठिकाणी याचं चांगलं उदाहरण उभं आहे. २००६ पासून केंद्र सरकारच्या पैशातून आयआयटी मुंबई आणि बंगळूरूच्या आयआयएससीत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रं उभी राहिली. पवईत सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासाचा पाया त्याआधीच घातला गेला होता. ज्यांनी तो घातला त्यांत प्रा. जुझर वासी यांचं नाव पुढे येतं. चिप बनवण्याची यंत्रं तयार करणाऱ्या अप्लाइड मटेरियल्स या अमेरिकी कंपनीने पवईला आपली यंत्रं दिली आणि संशोधनात भागीदारी केली.

हा व्यवहार नीट समजून घ्या, कारण यात कोणी कोणावर मेहेरबानी केलेली नाही. चिप ज्या चकतीवर बनते त्या वेफरवर काही अणूंच्या जाडीचा थर चढवणारं यंत्र विद्यापीठाला स्वतःच्या खिशातून परवडत नाही. कंपनी ते देते, कारण तिला नव्या पदार्थांवरचे प्रयोग हवे असतात आणि तिच्या यंत्रावर हात बसलेले अभियंते हवे असतात. इमारत, वीज, धूळमुक्त खोली आणि प्राध्यापकांचा पगार सरकार देतं. म्हणजे आपण देतो. होळीच्या बाजारात मासळी विकणारी बाई काडेपेटी घेतानाही कर भरते, तो पैसाही त्यात असतो.

आणि म्हणूनच पवईतली एक गोष्ट मला सगळ्या यंत्रांपेक्षा मोठी वाटते. २००८ मध्ये इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूझर्स प्रोग्राम सुरू झाला. त्याचा अर्थ एवढाच की ही प्रयोगशाळा फक्त आयआयटीवाल्यांची नाही. देशातल्या कोणत्याही कॉलेजचा शिक्षक किंवा संशोधक आधी ओळख शिबिराला येऊ शकतो, मग हाताने काम शिकू शकतो, आणि कल्पना चांगली असेल तर तिथल्याच यंत्रांवर स्वतःचा प्रकल्प करू शकतो. शैक्षणिक संशोधकाला यंत्रांचं भाडं द्यावं लागत नाही. आज हा कार्यक्रम पवई, बंगळूरू, दिल्ली, चेन्नई, खरगपूर आणि गुवाहाटी अशा सहा ठिकाणी चालतो.

दुसरं उदाहरण 'अजित' नावाच्या मायक्रोप्रोसेसरचं. २०१९ मध्ये तो लोकांपुढे आला. आराखडा आयआयटी मुंबईत झाला, पवई लॅब्स ही खासगी कंपनी सोबत होती, पैशाचा मोठा वाटा केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाचा होता, आणि चिप बनली मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, १८० नॅनोमीटर तंत्रावर. जगातल्या ताज्या चिप्स त्याहून कितीतरी बारीक तंत्रावर पोहोचल्यात हे खरं. पण वीजमीटर, सेन्सर, उपग्रह यांना जुनं आणि भरवशाचं तंत्र चालतं. शिकायला तर नक्कीच चालतं.

मग आपण कुठे आहोत?

मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्स शिकलो. आमच्या कॉलेजात व्हीएलएसआय हा विषय फळ्यावर शिकवला गेला. मॉस ट्रान्झिस्टरची आकृती मी परीक्षेत इतक्या वेळा काढली की आजही डोळे मिटून काढेन. पण चार वर्षांत वेफर पाहिला नाही. प्रयोगशाळेत पंधरा मुलांमागे एक बोर्ड चालू, बाकीचे कपाटात. पवईचा तो कार्यक्रम तेव्हा सुरू होता, पण ते कोणी आम्हाला सांगितलं नाही. मलाही विचारायचं सुचलं नाही. हा दोष एकट्या कॉलेजचा नाही, म्हणूनच हा लेख लिहितोय.

दार उघडं आहे, पण त्याची बातमी आपल्या गल्लीपर्यंत येत नाही. बातमी आली तरी शिक्षकाला कॉलेजातून रजा मिळत नाही. रजा मिळाली तरी पोराला पवईत महिनाभर राहायचा खर्च झेपत नाही. वसईहून रोज जाऊन-येऊन धूळमुक्त खोलीत दहा तास उभं राहणं काय असतं, ते विरार लोकलमध्ये उभं राहिलेल्याने सांगावं. आणि मुलगी असेल तर घरातून आवाज येतो, "इतक्या लांब नको." अम्मीची काळजी खोटी नाही. पण वसतिगृहाची एक खोली त्या काळजीचं उत्तर असू शकते. तशी खोली करारात कोणी लिहीत नाही.

यावर एक अडचण फक्त आपली आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त एक अभ्यास छापला. सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढचा कॉल येण्याची संधी संख्याशास्त्रीय हिशेबात एक तृतीयांशच्या आसपास भरली. दलित नावालाही मार बसला होता. ज्यांनी नोकरीसाठी अर्ज केलेत त्यांना हे आकड्यांशिवायही माहीत आहे.

चिप नाव विचारत नाही. आराखडा बरोबर असेल तर ती चालते, चूक असेल तर बंद पडते. पण चिपपर्यंत पोहोचण्याआधी जी इंटर्नशिप लागते, जी शिफारस लागते, जो कॉल लागतो, तिथे माणूस बसलेला असतो आणि तो नाव वाचतो. कंपनी स्वतःच्या पैशाने निवड करत असेल तर वेगळी लढाई. पण जिथे निम्मा खर्च सरकारी तिजोरीतून येतो, तिथे निवड कशी झाली हे विचारणं आपला हक्क आहे. चिप कारखान्यांना केंद्र सरकार प्रकल्पखर्चाच्या पन्नास टक्क्यांपर्यंत मदत देतं, राज्यं त्यावर आणखी देतात. डिसेंबर २०२१ मध्ये त्यासाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर झाली. इतका पैसा ही जनतेची अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब मागताना संकोच कसला?

याच काळात उलटी गोष्टही झाली. अल्पसंख्याक संशोधकांना पीएचडीसाठी मिळणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२ मध्ये बंद केली. इतर योजनांशी ती जुळते, असं कारण दिलं. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवलं होतं की वीस वर्षांवरच्या मुस्लिमांमध्ये पदवी किंवा पदविका असलेले चार टक्क्यांहून कमी आहेत. त्यातून पीएचडीपर्यंत पोहोचणारे बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्यासाठी असलेली शिडी काढून घ्यायची आणि मग "सेमीकंडक्टरमध्ये गुणवत्ता लागते" असं भाषण करायचं, हे चालणार नाही.

"संशोधन सगळ्यांसाठी नसतं"

हा आक्षेप मी प्राध्यापकांकडून ऐकला आहे. ते म्हणतात, यंत्र कोट्यवधींचं, एक चूक झाली तर महिनाभर बंद. तिथे निवडक लोकच हवेत. पैसा सगळ्या कॉलेजांत वाटला तर कुठेच काही उभं राहणार नाही.

पहिली गोष्ट, यंत्रं सगळीकडे वाटा असं कोणी मागितलेलं नाही. यंत्र पवईतच राहू दे, तिथपर्यंत माणूस पोहोचू दे. दुसरी गोष्ट, चिपचा कारखाना फक्त पीएचडीवाल्यांवर चालत नाही. निर्वात पंप, विषारी वायूंच्या नळ्या, अतिशुद्ध पाणी, चोवीस तासांची देखभाल हे सगळं डिप्लोमा आणि आयटीआय झालेले हात सांभाळतात. सातिवली, वालीव, गोखिवऱ्याच्या गाळ्यांमध्ये ज्या पोरांनी मायक्रोमीटर धरलाय, त्यांना अचूकता म्हणजे काय हे नव्याने शिकवावं लागत नाही. त्यांना शिकायला मिळत नाही ती धूळमुक्त खोलीची शिस्त.

तिसरी गोष्ट, ज्यांनी हे करून दाखवलं त्यांच्याकडे बघा. तैवानने १९७३ मध्ये इट्री ही सरकारी संशोधन संस्था काढली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार केला आणि आपले तरुण अभियंते शिकायला तिकडे पाठवले. त्या माणसांच्या आणि त्या संस्थेच्या जोरावर १९८० मध्ये यूएमसी उभी राहिली आणि १९८७ मध्ये टीएसएमसी. आधी माणसं घडवली, कारखाने मागून आले. आपण आधी कोनशिला बसवतो आणि माणसं मागून शोधतो.

बेल्जियमच्या लूव्हेनमध्ये १९८४ साली आयमेक सुरू झालं, विद्यापीठाच्या शेजारी, सरकारी पैशातून. आज एकमेकांच्या स्पर्धक कंपन्या तिथे एकाच छताखाली प्रयोग करतात. आणि तुम्ही दुसऱ्या वर्षाला ज्या स्पाइसवर सर्किट चालवून बघता, ते १९७३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात तयार झालं. विद्यापीठाने ते कुलपात ठेवलं नाही, मोकळं वाटलं, म्हणून सगळा उद्योग त्यावर वाढला. संशोधन चार लोकांपुरतं ठेवून कोणी मोठं झाल्याचं मला तरी दिसत नाही.

आता आपल्याकडे वळतो

सरकारवर बोट ठेवणं सोपं आहे, आणि ते मी ठेवलं. आता समाजाबद्दल.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही दिवसांनी एक संदेश फिरतो. इजिप्तच्या पोर्ट सईदमध्ये जन्मलेले मोहम्मद अटाला यांनी कोरियाच्या दावोन कांग यांच्यासोबत बेल लॅब्समध्ये १९५९ मध्ये मॉस ट्रान्झिस्टर घडवला, तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये तोच आहे. खरं आहे. खाली पन्नास जण "माशाअल्लाह" लिहितात. मला विचारायचंय, त्या पन्नासांपैकी किती जणांनी आपल्या पोराला ट्रान्झिस्टरची डबी आणून दिली? अटाला कैरोत शिकले, मग अमेरिकेत पर्ड्यूमध्ये गेले, मग एका कंपनीच्या संशोधनशाळेत त्यांना काम करायला मिळालं. विद्यापीठ आणि उद्योग यांच्यामधली वाट त्यांच्यासाठी उघडी होती. अभिमान बाळगायचा तर त्या वाटेचा बाळगा आणि ती इथे बांधा.

आपल्या समाजाकडे संस्था नाहीत असंही नाही. अंजुमन-इ-इस्लाम १८७४ पासून आहे. भायखळ्याचं साबू सिद्दिक आहे, नवीन पनवेलला काळसेकर तांत्रिक संकुल आहे. तळोजा तिथून हाकेच्या अंतरावर. वांद्र्याला रिझवी आहे, बोईसरला थीम आहे. या संस्था उभ्या करणाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. म्हणूनच त्यांच्याकडे मागायचं. तुमच्या कॉलेजात, मग ते यातलं असो वा दुसरं कोणतंही, जाऊन तीन प्रश्न विचारा. गेल्या तीन वर्षांत आपला एक तरी शिक्षक पवईच्या शिबिराला गेला का? केंद्राच्या 'चिप्स टू स्टार्टअप' योजनेत आपण आहोत का, नसलो तर अर्ज केला होता का? आपल्या विद्यार्थ्याने आखलेली एक तरी चिप बनून आली आहे का?

ही योजना काय आहे ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना माहीत नाही. पाच वर्षांत ८५,००० जणांना चिप आराखड्यात तयार करायचं तिचं उद्दिष्ट आहे. एरवी लाखो रुपये मोजावे लागतात ती आराखड्याची सॉफ्टवेअरं बंगळूरूच्या सी-डॅकमधल्या चिपइन केंद्रातून शंभराहून अधिक संस्थांना मिळतात. विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिप्स मोहालीत बनवूनही दिल्या जातात. त्या संस्थांच्या यादीत आपल्या कॉलेजचं नाव नसेल तर ते का नाही, हे विश्वस्तांच्या सभेत विचारायला हवं.

आणि आपले गुणगौरव सोहळे. दहावीला नव्वद टक्के मिळाले की शाल, ट्रॉफी, बिर्याणी. त्याच मुलाने सहा वर्षांनी एमटेक करायचं म्हटलं की समाजाच्या शिष्यवृत्त्या संपलेल्या असतात. त्या पहिल्या वर्षाच्या फीवर थांबतात. एका सोहळ्याच्या मंडपाच्या खर्चात काही एफपीजीए बोर्ड येतात आणि एका शिक्षकाचा पवईतला महिना निघतो. यंदा एक सोहळा कमी करा.

काय मागायचं, काय करायचं

सरकारकडे आणि विद्यापीठांकडे आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात.

एक. ज्या करारात सरकारी पैसा आहे, त्यात संलग्न कॉलेजं, पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या विद्यार्थी-शिक्षकांसाठी ठराविक जागा हव्यात, आणि दरवर्षी कोणत्या जिल्ह्यातून किती आले याची यादी जाहीर व्हावी.

दोन. निवडीच्या पहिल्या फेरीत अर्जावरचं नाव झाकावं. याला एक पैसाही लागत नाही.

तीन. प्रशिक्षणासोबत विद्यावेतन आणि राहण्याची सोय हवी, मुलींसाठी आधी.

चार. संशोधनाची बंद केलेली फेलोशिप परत सुरू करावी.

या मागण्या फक्त मुसलमानांच्या नाहीत. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पोराला, वसईच्या कोळीवाड्यातल्या मुलीला, नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणाऱ्या परप्रांतीयाच्या मुलाला त्या तितक्याच लागू आहेत. त्यांना सोबत घेऊनच मागू.

आणि तुम्ही, जे हा लेख मोबाइलवर वाचताय. मागण्या मान्य होईपर्यंत थांबू नका. २०२० मध्ये अमेरिकेच्या स्कायवॉटर कंपनीच्या १३० नॅनोमीटर तंत्राचे नियम गूगलच्या सहकार्याने सगळ्यांसाठी खुले झाले. आराखड्याची खुली, फुकट सॉफ्टवेअरं आहेत. साध्या लॅपटॉपवर व्हेरिलॉग शिकता येतं, छोटं सर्किट आखून तपासता येतं. मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत आठवड्यातून दोन संध्याकाळी चार पोरं-पोरी बसली तरी सुरुवात होते. डिप्लोमावाल्यांनी निर्वात तंत्र आणि पीएलसीकडे लक्ष द्यावं. शिक्षक असाल तर पवईच्या पुढच्या शिबिरासाठी अर्ज करा आणि नाकारला तर पुन्हा करा.

होळीतल्या त्या पोराला मी परवा भेटलो. तळोज्याची गाडी अजून धावते, कारखाना नाही. मी त्याला विचारलं, शनिवारी सुट्टी असते का. तो म्हणाला, "अर्धी." मी म्हटलं, अर्धी पुरेल. येत्या शनिवारी असरनंतर आम्ही दोघं एक जुना लॅपटॉप घेऊन बसणार आहोत. ज्याला यायचं असेल त्याने यावं, खुर्च्या आणायला लागल्या तर शेजारच्या सभागृहातून आणू.